कितवी पायरी?

आमच्या घरी कपाटावर पत्र्याची एक पांढरी पेटी आहे. तिच्या झाकणावर एके काळी तांबडी फुली होती. ती आता फिकट गुलाबी झाली आहे. पेटीत कापसाचा एक गुंडाळा, जंतुनाशकाची अर्धी बाटली, चिकटपट्ट्या, डोकेदुखीच्या मलमाची डबी आणि कोणाच्या तरी लग्नात मिळालेली एक अत्तराची कुपी एवढा ऐवज असे. ही पेटी पाठीवरच्या पिशवीत टाकून मी कित्येक वर्षे कॉलेजच्या मुलांना डोंगर दाखवीत हिंडलो. पेटी बरोबर आहे म्हणजे प्रथमोपचार बरोबर आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. घरात शब्दकोश असला की भाषा आपोआप येते, असे समजणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात हसतो. स्वतःच्या पाठीवरची पेटी मात्र मला कधी दिसली नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. गिर्यारोहण मंडळाशी माझा संबंध कसा आला, ही कथा छोटी आहे. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी प्राचार्य स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, "किल्ल्यांविषयी आपल्यापैकी कोणाला माहिती आहे?" त्या वर्षी मी बखरवाङ्मय शिकवीत होतो. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. भूगोलाचे प्राध्यापक नेमके त्याच दिवशी रजेवर होते, हा निव्वळ योगायोग होता असे मानायला मी अजून तयार नाही. असो. हळूहळू मला डोंगरांची गोडी लागली. पोट थोडे कमी झाले. वर्गात तोंड न उघडणारी मुले चुलीपाशी बसून मनातले बोलू लागली. एकूण सौदा माझ्या फायद्याचा होता.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही अठ्ठावीस जण हरिश्चंद्रगडावर गेलो. अकोले तालुक्यातील पाचनई गावातून चढणारी वाट ही त्या गडाच्या वाटांपैकी सोपी समजली जाते. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उभे असलेले ते प्रचंड शिवलिंग, कोकणकड्याची आत वळलेली भिंत, सारे यथासांग पाहून झाले. कड्यावर मुलांना मी नेहमीचे भाषण दिले, तेही त्यांनी ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरू लागलो.

अर्ध्या वाटेवर घसाऱ्यावरून द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा पाय सरकला. ती पडली म्हणण्यापेक्षा बसली म्हणावे, इतकी ती घटना साधी होती. मी वर वळून पाहिले आणि म्हणालो, "काही नाही, मुरगळला असेल." हे निदान मी सहा हातांवरून केले. मग जवळ जाऊन बूट उतरवला, पेटीतून डोकेदुखीचे मलम काढले आणि घोटा चोळू लागलो. ती ओरडली. मलम लागू पडत असल्याची ती खूण आहे असे मला वाटले. "बसून राहिलीस तर पाय आखडेल," असे एक शास्त्रीय भासणारे वाक्यही मी उच्चारले. हे वाक्य मी कोठे वाचले होते कोण जाणे! दोन मैत्रिणींच्या खांद्यांवर हात टाकून आम्ही तिला उभे केले आणि चालवू लागलो. वीस मिनिटे चालवले. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम आला आणि ती मटकन खाली बसली.

त्यानंतर काय करायचे, हे मला ठाऊक नव्हते. अठ्ठावीस जणांच्या खिशांत अठ्ठावीस फोन होते. एकालाही रेंज नव्हती. सगळी मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. वर्गात हे दृश्य मला नेहमी आवडते. त्या दिवशी मात्र त्या नजरांना तोंड देणे जड गेले. दोन चपळ मुलांना मी पाचनईला पिटाळले. दीड तासाने गावातले चार तरुण आणि एक म्हातारेबाबा दोन लांब काठ्या व घोंगडी घेऊन वर आले. बाबांनी पायाला हातसुद्धा लावला नाही. नुसते पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, आता हिला चालवू नका." मग त्यांनी घोंगडीची डोली केली आणि तिला अलगद खाली नेले.

पायथ्याशी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळाली. २०१४ पासून महाराष्ट्रात ही सेवा सुरू आहे, आणि त्या दिवशी ती दिसली तेव्हा मला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. रात्री शहरातल्या डॉक्टरांनी क्ष-किरणाचे चित्र उजेडासमोर धरले. घोट्याचे हाड दोन ठिकाणी मोडले होते.

"पडल्यावर चालवलं का हिला?" त्यांनी विचारले.

"थोडंसं," मी म्हणालो.

"थोडंसं म्हणजे?"

"वीस मिनिटं."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. रागावले नाहीत. "त्यामुळे किती वाढलं, ते आता कोणालाच सांगता यायचं नाही," एवढेच म्हणाले. पायात पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले.

मुलीचे वडील पहाटे आले. ते रागावतील, ओरडतील, याची मी मनाशी तयारी केली होती. उत्तरेही जुळवून ठेवली होती. ते माझ्याजवळ आले, माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाले, "सर, तुम्ही होतात म्हणून निभावलं." माझी सगळी उत्तरे घशातच राहिली. त्या एका वाक्याने मला पुढे कित्येक रात्री जागे ठेवले.

आपण शिकले पाहिजे, हे त्या रात्रीच ठरले. प्रश्न होता, किती शिकायचे?

माझ्यासारख्या माणसाची सवय अशी की, अडचण आली म्हणजे आधी शब्दाकडे जायचे. 'प्रथमोपचार' हा शब्द मी आयुष्यभर वापरला, पण त्याची फोड अशी कधी केली नव्हती. प्रथम उपचार. आता 'प्रथम' म्हटले की त्याच्या पोटात 'द्वितीय' आलाच! आपण पहिला उपचार करतो, कारण दुसरा करणारा कोणी तरी येणार आहे. या शब्दात मागून येणाऱ्या डॉक्टरचे आश्वासन दडलेले आहे. शहरात ते आश्वासन खरे असते. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था निघाली आणि रेल्वेतले कामगार, खाणकामगार, पोलीस अशा सामान्य माणसांना प्रथमोपचाराचे शिक्षण देऊ लागली. ते शिक्षण डॉक्टरच्या हाती रुग्ण सोपवीपर्यंतचे होते. आपल्याकडच्या कारखान्यांत, शाळांत, कचेऱ्यांत जे शिकवले जाते, ते बहुतांशी याच घराण्यातले. रक्त थांबवा, श्वास पाहा, माणूस हलवू नका आणि मदत येऊ द्या.

पण मदत चार तासांनी येणार असेल तर? की येणारच नसेल, आणि आपल्यालाच रुग्णाला घेऊन मदतीकडे जायचे असेल तर? डोंगरात 'प्रथम' हा शब्द फार लांबतो. सकाळी सुरू झालेला पहिला उपचार संध्याकाळपर्यंत चालू राहतो. ऊन असते, वारा असतो, अंधार पडत असतो, आणि रुग्णाला तहान लागते, थंडी वाजते, लघवीला जायचे असते. रानावनातल्या प्रथमोपचाराची म्हणून एक निराळी विद्या आहे ती यामुळेच. रुग्णालय साधारण एक तासाहून अधिक दूर असेल, तर ते 'रान' समजावे, असा तिचा ढोबळ हिशेब आहे. या हिशेबाने रान व्हायला वाघ लागत नाही. आपल्या सह्याद्रीतले अर्धे किल्ले रानात मोडतात.

या विद्येला पायऱ्या आहेत. सर्वांत खालची पायरी म्हणजे नेहमीचा शहरी वर्ग, काही तासांचा किंवा एका दिवसाचा. त्यावरची पायरी सोळा तासांची. दोन दिवसांत उरकते. एक-दोन दिवसांच्या सहली करणाऱ्या, मदतीपासून फार दूर न जाणाऱ्या लोकांसाठी ती आहे. तिच्यावर चार-पाच दिवसांची एक मधली पायरी. तिच्याही वर सत्तर-ऐंशी तासांची, आठ-दहा दिवसांची मोठी पायरी. जे दिवसचे दिवस लोकांना दुर्गम भागात घेऊन जातात त्यांच्यासाठी. त्याहीपलीकडे रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञाचे पूर्ण शिक्षण आहे, पण तो मग व्यवसायच झाला. अमेरिकेत १९६५ साली पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने स्थापन केलेली नोल्स ही संस्था असे वर्ग चालवते. आपल्याकडेही मसुरीच्या हनीफल केंद्रात असे अभ्यासक्रम झाले आहेत. या प्रशस्तिपत्रांना मुदत असते, दोन-तीन वर्षांची. मुदत संपली की पुन्हा उजळणी. आमच्या एम्.ए.च्या पदवीला अशी मुदत असती, तर काय अनर्थ झाला असता, याची कल्पनाच करवत नाही!

मी अर्थातच दहा दिवसांची पायरी निवडली. मसुरी, ऐंशी तास, सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र! रजेचा अर्ज लिहिला. पैशांचा अंदाज काढला. तो माझ्या एका पगाराच्या बराच जवळ जात होता. तो कागद मी रात्री जेवणानंतर सौ.पुढे ठेवला. ती माध्यमिक शाळेत गणित शिकवते. कागद हातात आला की ती आधी बेरीज तपासते, मग मजकूर वाचते.

"बेरीज बरोबर आहे," ती म्हणाली. "पण हे कोणासाठी?"

"मुलांसाठी," मी म्हणालो.

"मुलांसाठी की त्या वडिलांच्या वाक्यासाठी?"

मी गप्प बसलो. बायकोला आपल्या झोपेचा हिशेब ठाऊक असतो, हे पुरुष नेहमी विसरतात.

"हे बघा," ती म्हणाली, "आपण कुकर घ्यायला गेलो होतो, तेव्हा दुकानदारानं सर्वांत मोठा पुढे केला. तुम्हीच म्हणालात ना, आधी घरात माणसं किती ते बघू? मग इथं तसं का नाही बघत?" आणि तिने कागद उलटा करून त्यावर चार प्रश्न लिहिले.

पहिला: जिथे जाता, तिथून गाडीरस्ता किती तास? दुसरा: बरोबर माणसे कोण आणि किती? तिसरा: वर्षातून किती वेळा जाता? चौथा: तिथे तुमच्यावर शेवटची जबाबदारी असते, की तुमच्यापेक्षा जाणता कोणी बरोबर असतो?

मी खरी उत्तरे लिहिली. गाडीरस्ता बहुधा दोन-तीन तास. माणसे पंचवीस-तीस, विशीच्या आतबाहेरची, धडधाकट, पण दर वर्षी नवी. वर्षातून तीन सहली, फार तर चार. एकाच रात्रीच्या मुक्कामाच्या. जबाबदारी? ती माझीच.

"चौथं उत्तर मोठी पायरी मागतं," सौ. म्हणाली. "पण तिसरं उत्तर काय म्हणतं बघा. वर्षातून तीन वेळा! दहा दिवसांत शिकाल ऐंशी तासांचं, आणि वापराल कधी? मी नववीला शिकवलेलं दिवाळीनंतर मुलांना आठवत नाही. तुम्ही तर पंचेचाळीशीचे. अर्धवट आठवणारं मोठं ज्ञान घेऊन तुम्ही पुन्हा कोणाचा तरी पाय चोळाल, आणि या वेळी प्रशस्तिपत्र घेऊन चोळाल."

हे शेवटचे वाक्य मला लागले. पण ते खरे होते. त्या दिवशी घसाऱ्यावर माझा घात अज्ञानाने केला नव्हता. पाचनईचे ते बाबा काय मोठे शिकले होते? मी नुसता अडाणी असतो, तर पायाला हात लावायला धजलो नसतो. मला घोटा न पाहताच निदान करण्याची हौस होती, हा माझा दोष. मोठ्या प्रशस्तिपत्राने ती हौस आणखी बळावली असती.

मी दोन दिवसांच्या वर्गाला नाव घातले. मंडळाच्या बारा मुलांनीही घातले. त्यांत ती मुलगीही होती. पाय बरा होऊन ती तोपर्यंत चालू लागली होती, आणि तृतीय वर्षाला असताना मंडळाची चिटणीस झाली होती. मी तिला विचारले नव्हते. तिनेच यादीत स्वतःचे नाव पहिले लिहिले होते.

वर्ग एका टेकडीच्या पायथ्याशी, झाडाखाली भरला. शिक्षक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितले, "कोणी पडलं की धावायचं नाही. आधी थांबायचं, आजूबाजूला बघायचं. घसाऱ्यावर धावत जाणारा मदतनीस हा दुसरा रुग्ण असतो." मग क्रम शिकवला. श्वास चालू आहे का? रक्त वाहते आहे का? मान, पाठ? त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत हातांनी तपासणे. काय झाले ते रुग्णालाच विचारणे. मिनिटाला नाडीचे ठोके किती, श्वास किती, ते वेळेसकट कागदावर लिहिणे आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा लिहिणे. निदान हा शब्दच त्यांनी उच्चारला नाही. मोडले की मुरगळले, हे डोंगरात ठरवण्याची गरज नाही, असे ते म्हणाले. पायावर भार देता येत नसेल, तर तो मोडला आहे असेच समजून वागायचे. मी मान खाली घालून लिहून घेत होतो.

सर्पदंशाचा तास झाला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष चालते. जखम कापायची नाही, चोखायची नाही, वर आवळून दोरी बांधायची नाही. माणूस शांत आणि स्थिर ठेवायचा आणि लवकरात लवकर रुग्णालयात न्यायचा. चित्रपटांतून मिळवलेले माझे सारे ज्ञान अर्ध्या तासात रद्द झाले.

दुपारी खोटे अपघात झाले. आम्हांला आळीपाळीने रुग्ण व्हायचे होते. माझ्या वाट्याला डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या गिर्यारोहकाची भूमिका आली. ती मी इतकी रंगवली की, विव्हळताना माझ्या तोंडून दोन-तीन पूर्ण वाक्ये गेली. शिक्षक नम्रपणे म्हणाले, "सर, बेशुद्ध माणूस बोलत नाही." व्याख्यात्याला याहून कठीण भूमिका देता आली नसती!

दुसऱ्या दिवशी मी मोडक्या घोट्याचा रुग्ण झालो. आणि मदतनीस म्हणून आली ती मुलगी. तिने आधी भोवती पाहिले. मग माझ्याशी बोलत बोलत बुटाची नाडी सैल केली, पाय न हलवता बूट काढला. बोटे गरम आहेत का, स्पर्श कळतो का, बोटे हलतात का, हे पाहिले. झोपायची चटई गुंडाळून घोट्याभोवती इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळवली, मऊ कपडे भरले आणि त्रिकोणी पट्ट्यांनी बांधले. बांधून झाल्यावर बोटे पुन्हा तपासली. पट्टी आवळली तर रक्त अडते म्हणून. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील.

"दुखतंय का, सर?" तिने विचारले.

"नाही."

ती गाठ नीट करीत राहिली. मग वर न पाहता हळूच म्हणाली, "त्या दिवशी हे कोणाला येत असतं, तर बरं झालं असतं ना, सर?"

तिच्या आवाजात दोष नव्हता. खरे म्हणजे तो प्रश्नही नव्हता. पण तीन वर्षांत मला कोणी दिलेली ती एकमेव योग्य शिक्षा होती. मी "हो" म्हणालो. तिच्या वडिलांच्या वाक्याचे ओझे त्या दिवशी थोडे हलके झाले.

वर्ग संपला, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी इतके दिवस प्रश्न उलटा धरला होता. आपण जिथे जातो तिथे पुरेल एवढे शिक्षण घ्यावे, हे खरे. पण तेवढे घेणे जमत नसेल, तर आपले शिक्षण जिथे पुरेल तिथेच जावे, हेही तितकेच खरे. माझ्या प्रश्नांपैकी शेवटच्याचे उत्तर मला बदलता येत नव्हते, पण पहिल्याचे येत होते. म्हणून मी मंडळाच्या सहलींची यादी काढली आणि गाडीरस्त्यापासून लांबचे गड त्यातून खोडले. मुले नाराज झाली. पेटीही उघडली. मलमाची डबी घरच्या फडताळात गेली. तिच्या जागी त्रिकोणी पट्ट्या, रबरी हातमोजे, वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ आले. दर सहलीच्या आदल्या शनिवारी आम्ही तासभर उजळणी करू लागलो, पाढ्यांसारखी. ही अट सौ.ची.

गेल्या जानेवारीत आम्ही राजमाचीला गेलो. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, आणि त्यांच्या पायाशी उधेवाडी. कोरड्या दिवसांत लोणावळ्याहून तिथवर जीप येते, म्हणून तर हा गड आमच्या यादीत उरला होता. श्रीवर्धन चढताना प्रथम वर्षाचा एक मुलगा पायरीवर अडखळला आणि त्याचे कपाळ दगडावर आपटले. सुपारीएवढे टेंगूळ आले. तो हसत होता, बाकीचेही हसत होते. आम्ही त्याला सावलीत बसवले, तपासले, वेळ लिहिली. नाडी, श्वास, सगळे ठीक. पंधरा मिनिटांनी पुन्हा लिहिले. ठीक. अर्ध्या तासाने त्याने विचारले, "सर, आपण जेवायला कुठं थांबणार?" मी सांगितले. थोड्या वेळाने त्याने तेच विचारले. मी पुन्हा सांगितले. मग तो म्हणाला, मळमळतंय. आणि तिसऱ्यांदा जेवणाविषयी विचारले.

"झोपू दे त्याला थोडा वेळ. बरं वाटेल," एक जण म्हणाला. मनरंजन पाहायचा राहिला होता. रात्रीची शेकोटी राहिली होती. गावात पिठलं-भाकरीची सांगी देऊन झाली होती. मला स्वतःलाही वाटले, उगाच बाऊ होईल. नेमके हेच वाटले होते तीन वर्षांपूर्वी! डोक्याला मार लागल्यावर तेच तेच विचारणे, मळमळणे, डोकेदुखी किंवा गुंगी वाढत जाणे, या खुणा दिसल्या की डोंगर सोडायचा, एवढेच मला दोन दिवसांत शिकवले होते. डोक्याच्या आत काय झाले आहे, हे मला कळत नव्हते. कळण्याची गरजही नव्हती.

"परत जायचं," मी म्हणालो. त्याला दोघांच्या मध्ये घेऊन आम्ही सावकाश उधेवाडीत उतरवले, जीप सांगितली आणि लोणावळ्याचा रस्ता धरला. वाटेत दर पंधरा मिनिटांनी मी वहीत लिहीत होतो. मागच्या बाकावर कोणी बोलत नव्हते.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "किती वाजता पडला?" मी वही पुढे केली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली. पडल्याची वेळ, नाडी, श्वास, तीनदा विचारलेला प्रश्न. "हे कोणी लिहिलं?" त्या म्हणाल्या. मी शाळकरी मुलासारखा हात वर केला. त्या काही बोलल्या नाहीत. वहीचे ते पान त्यांनी केसपेपरला टाचून घेतले.

मुलाला रात्रभर देखरेखीखाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवले. मेंदूला हलकासा धक्का, थोडे दिवस विश्रांती; एवढेच. म्हणजे झाले काहीच नाही. सहल मात्र बुडाली. "सर, उगाच घाबरलात," असे दोन-तीन मुलांनी नंतर बोलूनही दाखवले. काही न होणे ही अशी गोष्ट आहे की, तिचे श्रेय कोणी घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये.

आता हिवाळा जवळ आला आहे. परवा मुले यादी घेऊन आली. तिच्यात सर्वांत वर अलंग, मदन आणि कुलंग ही तीन नावे होती. कातळावर दोर लावून चढायचे, दोन-तीन दिवसांचे, मदतीपासून लांबचे ते त्रिकूट. मी म्हणालो, "नाही."

"का, सर?"

"माझी पायरी तेवढी उंच नाही."

त्यांना वाटले मी गुडघ्यांविषयी बोलतो आहे. तेही खोटे नव्हते. पण मंडळाची जुनी चिटणीस, आता आमच्याच कॉलेजात एम्.ए. करणारी, मागे उभी होती. तिला अर्थ कळला. पावसाळ्यात तिचा घोटा अजून ठणकतो, असे ती सांगते. तिने दोन वर्षे शिकवण्या करून पैसे साठवले आहेत, आणि या हिवाळ्यात ती दहा दिवसांच्या वर्गाला जाणार आहे. तिची चारही उत्तरे निराळी आहेत. ती महिन्यातून दोनदा डोंगरात असते, दुर्गम वाटांवर असते, आणि पुढे हेच काम करायचे म्हणते. तिला ती पायरी शोभेल.

"ती शिकून आली, दोन-चार मोहिमांत मुरली, की तिच्याबरोबर जा," मी मुलांना म्हटले. "मी पायथ्याशी गाडी घेऊन बसेन. तोवर आपण पुन्हा राजमाचीला जाऊ. मनरंजन पाहायचा राहिलाय."

मुले कुरकुरली, पण यादी बदलली. पेटी कपाटावरून काढून मी काल पुसून ठेवली. येत्या शनिवारी उजळणी आहे.